पुढची आखाजी

जळगाव,
वैशाख शुद्ध पंचमी, १९५५

चि. सुकदेव,

मागच्या दोन पत्रांबरोबर आशीर्वाद पाठवले होते, त्यांची पोच नाही. वाटेत पोस्टाने ठेवून घेतले असतील तर त्या खात्याचं कल्याण होवो. पुन्हा पाठवतो आहे.

परवा आखाजी झाली. पंचांग तिला अक्षय्य तृतीया म्हणतं, पण तुझ्या आईच्या असोद्यात पंचांगाला विचारतो कोण. तुझ्या आईने तीही पाहिली. ‘पुढची आखाजी काढणार नाही’ असं तू म्हणालास, त्यानंतरची ही तिसरी. माझ्या वर्गात एखादा मुलगा तीन वर्षं त्याच इयत्तेत बसला की मी त्याच्या बापाला बोलावून घेतो. इथे मरणाच्या परीक्षेत नापास होत राहिलेल्या विद्यार्थिनीचा मुलगाच डॉक्टर, आणि तो बोलावूनही येत नाही.

रागावू नकोस. तू रागावलास की लहानपणी खांबाला पाठ लावून उभा राहायचास, तसा आता धुळ्यात दवाखान्याला पाठ लावून उभा आहेस असं मला दिसतं.

तुझी आई, माझी अक्का, बरी आहे. कमरेवर जिथे लुगड्याची गाठ वर्षानुवर्षं काचली आणि ते चिघळलं, ती कापलेली जागा आता तळहाताएवढी गुळगुळीत आणि पांढुरकी झाली आहे. तू म्हणाला होतास, हा कातडीचा कॅन्सर साहेबांच्या पुस्तकात सापडायचा नाही, कारण साहेब कमरेला गाठ मारत नाही. तो आपल्या धोतराचा आणि लुगड्याचाच. खरं असेल. मी रहीम दर्जीकडून रुंद पट्टीचा सैल परकर शिवून घेतला, त्यावर ती लुगडं नेसते. “मडमीचा घागरा घातला मले या वयात,” असं आल्यागेल्याला सांगते.

आणि जांघेतली ती गाठ, जिच्यावर बोट ठेवून तू मान हलवलीस, ती कधीच उतरली. जखमेतल्या पुवाने सुजली होती, असं जखम कापणाऱ्या मुंबईच्या डॉक्टरांनी मागाहून सांगितलं. तू धुळ्यात असे तीन रोगी पाहिले होतेस, तिघांच्या जांघेत गाठ होती आणि तिघेही वर्षाच्या आत गेले. डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असं म्हणावं, हे न्यायशास्त्रात आम्ही पहिल्या वर्षी शिकवतो. लांबून धुकंही धुरासारखंच दिसतं, हे दुसऱ्या वर्षी. तुझं शिक्षण पहिल्या वर्षावर थांबलं, बाबा. पण तुला तरी काय बोल लावू? दुखणंच इतकं विरळ की चौथा डोंगर पाहायला मिळणार कुठे? तो तुझ्याच घरात निघाला.

तू ‘बहुधा’ म्हणाला होतास, हेही मला आठवतं. पण लग्नपत्रिकेत ‘बहुधा’ छापत नाहीत.

सुनंदाला याही आखाजीला सासरहून पाठवलं नाही. आखाजीला गावोगावच्या सासुरवाशिणी माहेरी येतात, झोक्यावर गाणी म्हणतात, आणि तुझी एकुलती एक बहीण यावलकडे केळीला पाणी भरते. लग्नाला दोन वर्षं उलटली, एकदाही नाही. म्हणून यंदा मी स्वतः आणायला गेलो होतो. तिची सासू धुरपदाबाई ओट्यावर बसली होती. पाणी विचारायच्या आधी म्हणाली, “मास्तर, तुमची बहीन तं त्या सालीच जानार व्हती ना? आमी घाईघाईत हयद लावली. आन आता आयकतो, ती बागात हिंडते म्हने.”

आपल्या कुळाकडे मरणाची पावती मागितली जाते आहे असं मला वाटलं. मी म्हणालो, “तिच्या वतीने मी दिलगीर आहे.”

“आमाले काय, जगू द्या,” म्हातारी म्हणाली, “पन फसवल्यावानी वाटते.”

सुनंदा आतून बाहेर आलीच नाही. तिचा नवरा निंबा, आपल्याहून बारा-पंधरा वर्षांनी लहान बायको केलेला तो घुमा माणूस, अंगणात छकड्याला बैल जुंपत होता. छकडा जुंपून दारात उभा केला आणि वाट पाहत राहिला. ‘निघा आता’ हे इतक्या सौजन्याने मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मी चालत फाट्यापर्यंत आलो. त्या छकड्यात बसायचा अपमान मी टाळला.

तिच्या मॅट्रिकला तीन आठवडे राहिले होते. लग्नाचा मुहूर्त मीच काढला होता, आणि थोडं थांबा म्हणणारं दुसरं स्थळ नको म्हणणाराही मीच. अक्काच्या डोळ्यांदेखत पोरीला हळद लागावी, सुतकाचं वर्ष आड येऊ नये, म्हणून. माझ्याकडे शिकलेल्या मुलींत एवढ्या शुद्ध वाणीची दुसरी नव्हती. आता ती बैलांशी बोलते.

अक्का तुझी वाट पाहते. तुझ्यावर तिचा राग नाही, हे मी तिच्या वतीने नव्हे, तिला विचारून लिहितो आहे.

मामा

*

जळगाव,
मार्गशीर्ष वद्य द्वितीया, १९५६

चि. सुकदेव,

मागच्या आठवड्यात एक म्हातारा छत्री घेऊन तुझ्या दवाखान्याच्या बाकावर दोन तास बसला होता. तुझ्या कंपाउंडरने त्याला तीनदा विचारलं, काय होतंय? तो तीनदा म्हणाला, वय. तो मी.

पारोळ्याला एस.टी.चं चाक बसलं, म्हणून पोचायला उशीर झाला. नाहीतर सकाळी गर्दीच्या आत तुला गाठायचा बेत होता. बाकावर माझ्या शेजारी साक्रीकडचा एक जण होता, धनसिंग नावाचा. बापाला घेऊन आला होता. म्हाताऱ्याच्या टाचेवर काळं काहीतरी वाढलं होतं आणि ते चिंधीत गुंडाळलेलं होतं. तू ते सोडून पाहिलंस. दार अर्धं उघडं होतं, मला तुझे हात दिसत होते. हात तुझ्या आईवर गेले आहेत, हे मला आजवर कळलं नव्हतं. बोटं लावून तू जांघ चाचपलीस आणि फार वेळ लावलास.

मग त्या धनसिंगने विचारलं, “दाक्तरसाहेब, मना बापना कितला दिन ऱ्हायनात? बठ्ठं घर वाट देखी ऱ्हायनं.”

तू म्हणालास, “ते मला सांगता येत नाही.”

“अंदाजे सांगा ना. मी सुरतले कामले जाऊ का नको, इतलंच माले सांगा.”

“सांगता येत नाही म्हटलं ना,” तू इतक्या मोठ्याने ओरडलास की बाकावरचं पोर रडायला लागलं.

धनसिंग बाहेर आला आणि माझं उपरणं बघून मला विचारू लागला, “गुरुजी, जाऊ का नको?” मी त्याला आणि त्याच्या बापाला समोरच्या हॉटेलात चहा पाजला. म्हातारा बशीतून पिताना म्हणाला, “दाक्तर भला माणूस शे. नुसता घाबरस.”

तुला भेटायला मी आत आलो नाही. आलो असतो तर तुला वाटलं असतं, मामा पुन्हा काहीतरी विचारायला आला.

एवढं लिहितो आणि थांबतो. तू एकदा नको तितकं बोललास, आता नको तितका गप्प बसतोस. ज्याला सुरतेला जायचं की नाही ठरवायचं आहे त्याला वैद्याने काहीतरी दिलं पाहिजे. ‘मला वाटतं असं, पण मी चुकू शकतो, तुझ्या आधी माझ्या घरात चुकलो आहे’ एवढं म्हणता आलं तरी पुरे. ते म्हणायला धुळ्याहून आधी असोद्याला यावं लागतं, ही त्यातली अडचण मला ठाऊक आहे.

अक्का खुशाल. सुनंदा दिवाळीलाही आली नाही. तिला मुलगी झाल्याचं तुला कळलं असेल. मला यावलहून आलेल्या केळीवाल्याकडून कळलं.

मामा

*

जळगाव,
भाद्रपद शुद्ध दशमी, १९५८

चि. सुकदेव,

हे पत्र वाचल्याबरोबर निघ. पुढचं वाचत बसलास तरी चालेल, पण एस.टी.त बसून.

अक्काच्या कमरेवर, जुन्या व्रणाच्या कडेला, पुन्हा फोड आला आहे. हरभऱ्याएवढा. तिने तो कोणाला दाखवला नाही. धुणं धुताना शेजारणीला दिसला. तिने मला निरोप पाठवला. मी गेलो तर तुझी आई रहीमच्या परकराशिवाय पूर्वीसारखं लुगडं घट्ट आवळून, कासोटा मारून केळीच्या पाटात उभी. मी ओरडलो. मला सहसा ओरडता येत नाही, शाळेत मुलं त्याचा फायदा घेतात. मी विचारलं, कधीपासून हे? म्हणाली, दोन आखाज्या झाल्या.

“का पण?”

“सैल नेसून आनखी किती जगू, भाऊ?”

हे तिने रडून म्हटलं असतं तर मला काहीतरी बोलता आलं असतं. ती पाट वळवत वळवत म्हणाली.

जळगावात डॉक्टर आहेत. एकाला मी घरी घेऊन गेलो, तर अक्काने त्याला चहा केला, पोराबाळांची चौकशी केली, आणि कमरेला हात लावू दिला नाही. “माहा डाक्टर धुयाले हाये,” म्हणाली. “तो पाहीन, मंग कापा नाहीतर सरनावर जाया.” तिचा हट्ट तुला माहीत आहे, कारण तो तू घेऊन गेला आहेस.

ही गोष्ट लहान असतानाच कापली तर निघते, हे तूच मला शिकवलं होतंस. तू आला नाहीस तर सहा वर्षांपूर्वी केलेलं भाकीत तूच बसून खरं करशील. मला तुझ्याशी इतक्या कठोरपणे लिहिता येतं, हे मलाही नवीन आहे.

तिची एकच अट आहे, जशी सांगितली तशी लिहितो. “त्याले लिव्ह, मी इचारनार नही किती दिस म्हनून. नुसतं ये म्हना.”

मामा

*

जळगाव,
माघ शुद्ध चतुर्थी, १९५९

सुकदेव,

फोड आता लिंबाएवढा आहे आणि त्याला वास येतो. अक्का त्यावर लुगड्याचा पदर दुमडून ठेवते आणि सणाला पाहुण्यांपासून लांब बसते.

मी पत्र लिहिलं, तार केली, धनसिंगसारखा बाकावर येऊन बसायचीही तयारी आहे. भाद्रपदापासून माघापर्यंत तू काय पाहतो आहेस? तुझी लाज एवढी मोठी झाली की तिच्याआड तुला आईही दिसत नाही का?

आशीर्वाद या वेळी अडवून ठेवले आहेत. येऊन घेऊन जा.

मामा

*

जळगाव,
चैत्र शुद्ध नवमी, १९५९

चि. सुकदेव,

तू आईला घेऊन मुंबईला गेलास त्याला आठवडा झाला. तुझं कार्ड मिळालं. जखम कापली, जांघेतल्या गाठी काढल्या, आणि या वेळी त्या पुवाच्या नव्हत्या, हेही वाचलं. तू ते एका ओळीत लिहिलंस. तीन ओळी लिहिल्या असत्यास तर मी तुला ओळखलं नसतं.

तू त्या संध्याकाळी असोद्याला आलास तेव्हा मी अक्काकडेच होतो, हे बरं झालं. नाहीतर ती सांगते त्यावर माझा विश्वास बसला नसता. तू दारात उभा, हातात बॅग. ती म्हणाली, “पाय धू, डाक्टर.” तू पाय धुतलेस. मग म्हणाली, “जेवला का?” तू नाही म्हणालास. जेवण झालं, पानं उचलली. मग तिने कमर दाखवली, आणि तू ती पाहून पाठ वळवलीस तेव्हा ती माझ्याकडे बघून हसली. कारण तिने विचारलं नव्हतं. अट पाळली होती.

निघताना गाडीत बसवताना मात्र तिने मोडली. “सुका, किती रे?”

मला वाटलं, तू पुन्हा ओरडशील. तू म्हणालास, “मले नही माहीत, माय. पन मी आता जात नही.”

इतकी वर्षं धुळ्यात राहूनही तुझी बोली विसरलेली नाही. बरं वाटलं. एवढंच सुचतं आहे. सहा-सात महिन्यांच्या उशिराबद्दल मी काही लिहिणार नाही. तू रोज जखम बांधतोस तेव्हा ते तुला दिसतच असणार.

तुझा
मामा

*

असोदा,
वैशाख शुद्ध चतुर्थी, १९६०

चि. सुकदेव,

काल आखाजी. धुळ्याच्या दवाखान्यात विषबाधेचा एक मुलगा आला म्हणून तुला जावं लागलं, आणि तू गेलास, ते योग्यच. पण जे झालं ते तू पाहायला हवं होतंस, म्हणून अक्काच्या ओसरीवर बसून लिहितो आहे.

अक्काला आता उठवत नाही. पाय सुजला आहे, बोलते मात्र सगळं. तू गेल्यावर तिने तुझ्या बापाच्या नावाची घागर, गेलेल्या माणसासाठी आखाजीला भरतात ती, शेजारणीकडून भरून घेतली. मग कोपऱ्याकडे बोट केलं. तुला ठाऊक नसेल, ज्या साली तू तिला मुदत दिलीस त्या साली आखाजीला तिने कुंभाराकडून दोन घागरी आणल्या होत्या. एक तुझ्या बापाच्या नावाची, एक स्वतःची, पुढच्या वर्षी कोणाला धावपळ नको म्हणून. ती दुसरी तेव्हापासून चुलीमागे पालथी पडली आहे. दर आखाजीला अक्का त्या घागरीवरून माझी थट्टा करायची. “माही घागर कोन भरनार व्हतं, मास्तर, ते कुठी गेलं?” काल थट्टा केली नाही.

दुपारी दारात छकडा थांबला. निंबाने बैल सोडले आणि सुनंदा उतरली, कडेवर मुलगी. सात वर्षांनी.

मी निंबाला म्हणालो, “पाठवलंत शेवटी.” माझ्या आवाजात जे होतं ते होतंच.

तो खाली बघत म्हणाला, “मी तं दरसाल जुंपतो, मामा. तीच येत नही म्हने.”

सुकदेव, त्या वर्षी तो छकडा माझ्यासाठी नव्हता जुंपलेला. तिच्यासाठी होता. ती आत बसून राहिली, तो बाहेर वाट पाहत राहिला, आणि मी मधून अपमान उचलून फाट्यापर्यंत चालत आलो. पाच वर्षं त्या घराला मी मनात शिव्या दिल्या, त्याही व्याकरणशुद्ध.

सुनंदा आईपाशी गेली, बराच वेळ आत होती. मुलीला मी झोक्यावर घातलं. नंतर ती बाहेर येऊन माझ्याजवळ बसली. मी काही विचारलं नाही, या घरात आता कोणी विचारत नाही. तीच बोलली. शाळेतल्यासारखं, एकेक शब्द सुटा.

“मामा, दादा चुकला याचा मला आनंद व्हायला हवा होता. आई जगली. मी तिकडे विहिरीवर उभी राहून स्वतःला सांगायचे, आई जगली. आणि लगेच मनात यायचं, मग माझं कशाला केलंत? आईला धडधाकट समोर बघितलं असतं तर तोंडावर ते दिसलं असतं तिला. म्हणून येत नव्हते.”

मी म्हणालो, “आणि आता?”

“आता येववलं,” म्हणाली, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

हे तुला कळवावं की नाही, याचा रात्रभर विचार केला. तुझा भार हलका होईल म्हणून नाही लिहीत. होणार नाही. अक्काला हे सगळं आधीपासून कळत होतं, असं मला आता वाटतं. घट्ट नेसायला लागली ती पोर येत नाही असं दिसल्यावरच्याच दोन आखाज्यांत. पण यातलं कारण कुठलं आणि धुकं कुठलं, हे मी ठरवत बसणार नाही. मीही पहिल्याच वर्षाचा.

संध्याकाळी सुनंदाने चुलीमागची घागर बाहेर काढली. मी दचकलो. तिने ती राखेने घासली, धुतली, विहिरीवरून भरून आणली, खाली वाळू ओतून त्यावर उशापाशी ठेवली, वर ओलं फडकं टाकलं. मग तांब्या बुडवून आईला पाणी पाजलं.

अक्का दोन घोट प्यायली. म्हणाली, “इतले वर्सं कोरडी ठेवली मी तिले. पानी गार होतं हिच्यात.”

सुनंदा पौर्णिमेपर्यंत राहते आहे. निंबाही थांबला आहे, केळीला पाणी देतो. रुग्ण सांभाळून ये. आल्यावर त्याच घागरीचं पी.

मामा